आप्पांच्या विमानाच्या अडीच फेऱ्या

पलूस, २१ मार्च

प्रिय रेश्मा,

पत्र बघून घाबरू नकोस, घरात सगळे धड आहेत. म्हैसही. फोन असताना आई पत्र का लिहिते असं जावईबापूंना वाटेल. त्यांना सांग की फोनवर तुझी लेक माया मागून ओढते, कुकर ओरडतो, आणि माझं मुद्द्याचं बोलणं नेहमी तिसऱ्या शिट्टीनंतर येतं. मागच्या मंगळवारी तू मायाचं ते सांगितलंस आणि मी नुसतं ‘बरं’ म्हणून फोन ठेवला. त्या ‘बरं’वर चार दिवस विचार चाललाय. त्याचं शेवटी लिहीन. आधी तुझ्या आप्पांच्या विमानाचं ऐक, त्याशिवाय ते कळायचं नाही.

विमान तू पाहिलंयस. मधल्या खोलीत तुळईला टांगलेलं, पिवळे पंख, माझ्या दोन्ही हातांच्या कवेएवढं. चोवीस वर्षं मिलिटरीच्या वर्कशॉपमध्ये सरकारच्या गाड्या दुरुस्त केल्यावर आप्पांनी स्वतःसाठी केलेलं हे एकच यंत्र. रिमोटवर उडणारं, शिकाऊ माणसासाठीचं. दोन वर्षं ते चिकटवत होते. मधेच विचारायचे, पिवळा बरा दिसतो का. मी म्हणायचे, मला काय विचारता, मी का उडवणार आहे. सगळं झालं होतं. पंखांच्या आणि शेपटीच्या हलत्या पट्ट्यांना तारा जोडायच्या तेवढ्या राहिल्या आणि गेल्या मार्चमध्ये ते गेले. मी विमान खाली घेतलं नाही. शनिवारी स्टुलावर चढून धूळ पुसायची, एवढंच.

तुझे नानासोकाका एकतीस वर्षं एसटी चालवून रिटायर झाले, पण अजून घरातसुद्धा स्वयंपाकघराकडे वळताना हात दाखवतात. संक्रांतीनंतर एक दिवस येऊन म्हणाले, “वैनी, दादाचं इमान म्या शाळंला देऊन टाकलं.” वर्षश्राद्धाच्या दिवशी, काचेच्या कपाटात, खाली आप्पांच्या, ‘मानसिंग’ नावाची पाटी. भावाचं नाव राहावं म्हणूनच केलं बिचाऱ्यांनी, हेडमास्तरांना शब्दही देऊन आले. मी भाकरी थापत होते. म्हटलं, उडाल्याशिवाय ते घरातून हलणार नाही. बोलून गेले आणि माझं मलाच नवल वाटलं. भावजी म्हणाले, “आन उडवनार कोन?” मी भाकरी उलटली. शेवटी ठरलं असं की वर्षश्राद्धाच्या आत उडालं तर त्याचं काय करायचं ते मी ठरवणार, नाही उडालं तर ते कपाटाचं. हातात दोन महिने होते.

विमानाबरोबर एक इंग्रजी पुस्तिका होती. माझी शाळा चौथीत सुटली. मराठी वाचन पुढे पुड्यांच्या कागदांवर, आप्पांच्या पत्रांवर आणि वाचनालयात झालं. इंग्रजी मात्र मी तुझ्याबरोबर शिकले, तुझी पुस्तकं तू झोपल्यावर वाचून. आठवीपर्यंत आपण बरोबर होतो, मग तू पुढे गेलीस. तर डिक्शनरी घेतली आणि माझा चष्मा सापडेना म्हणून आप्पांचा घातला. आमचा नंबर एकच निघाला. चाळीस वर्षांच्या संसारात हे कळलं नव्हतं.

पुस्तिका म्हणते, काम सुरू करण्याआधी पुढचा पंखा काढून ठेवा, म्हणजे चुकून फिरला तरी बोटं राहतील. असं सरळ सांगणारं पुस्तक मला आवडतं. पुढचं सोपं आहे. विमानाच्या पोटात काडेपेटीएवढ्या मोटारी असतात, त्यांना सर्व्हो म्हणतात. प्रत्येकीच्या डोक्यावर एक इवलासा हात. रिमोटची काठी हलवली की तो हात हलतो, हाताला तार, तारेचं दुसरं टोक पट्टीवरच्या शिंगासारख्या खुंटीत, आणि पट्टी वरखाली होते. अवघड ते जोडणं. रिमोटची काठी मधोमध असताना सर्व्होचा हात तारेशी काटकोनात हवा आणि पट्टी पंखाशी सपाट हवी. पट्टी केसभर वर राहिली की तारेच्या टोकाचा चिमटा एक आटा फिरवायचा, पुन्हा बघायचं, पुन्हा फिरवायचा. मी तीन दिवस आटे फिरवत बसले. ज्या बाईनं तीस वर्षं गावाचे ब्लाउज शिवले तिला यात नवीन काही नाही. एक बाही पाव बोट पुढे गेली तर अंगात घातल्यावर कळतंच. इथे वर गेल्यावर कळतं आणि उसवायला वेळ मिळत नाही, एवढाच फरक. पट्टी किती हलावी तेही मिलिमीटरमध्ये दिलंय. जास्त हलली तर नवख्या माणसाचं विमान कोलांट्या मारतं. मी मायाची इथे राहिलेली फूटपट्टी लावून मोजलं, ती ससे काढलेली.

एक गोष्ट मात्र पुस्तिकेशी जुळत नव्हती. चित्रात पंखाच्या पट्ट्या आणि शेपटीची आडवी पट्टी रिमोटच्या उजव्या काठीवर होती. आमच्या रिमोटवर ती सगळी डाव्या काठीनं हलत होती. मला वाटलं, आप्पांची चूक झाली असावी. मी कुणाला बोलले नाही. गेलेल्या माणसाची चूक गावभर कशाला.

भावजी रोज संध्याकाळी डेपोत गाडी तपासावी तसे येऊन तपासायचे. काठी उजवीकडे केली की उजव्या पंखाची पट्टी वर उचलायची आणि डाव्याची खाली जायची. पुस्तिकेत तसंच आहे. भावजींना ते पटेना. “वैनी, उलटं जोडलंय. इमान उजवीकडं कलवायचं तर उजवी पट्टी खाली नगं व्हय? वझं ज्या अंगाला, त्या अंगाला गाडी कलती. उसाची ट्रॉली बगा की.” मी पुस्तिका पुढे केली. म्हणाले, “ते तिकडच्या इमानाचं आसंल.” दुसऱ्या दिवशी सकाळी मी डेअरीला दूध घालून आले, तर पट्ट्या उलट्या हलायला लागलेल्या. रिमोटवर दिशा बदलायची बारकी बटणं असतात, ती त्यांनी शोधून काढली होती. तशीच उडवली असती तर विमान जागच्या जागी पालथं झालं असतं.

मी भांडले नाही. पुठ्ठ्याचा एक तुकडा घेतला, त्याची मागची कड वर दुमडली, स्कूटी काढली आणि भावजींना म्हटलं, बसा मागे. तासगावच्या रस्त्याला लागल्यावर सांगितलं, पुठ्ठा हातात सपाट धरा आणि हात बाहेर काढा. ते काढेनात. अगं, एकतीस वर्षं त्या माणसानं ‘हात आत घ्या, हात आत घ्या’ म्हणत दुनियेला दटावलं होतं. वळण दाखवण्यापुरता सोडला तर स्वतःचा हात चालत्या गाडीतून कधी बाहेर गेलाच नव्हता. शेवटी भीतभीत काढला. कड वर असलेला पुठ्ठा वाऱ्यानं खाली दाबला. मग मी कड खाली दुमडायला लावली. फर्लांगभर गेलो. मग एकदम हळू म्हणाले, “वैनी, हात वर जातुया.” त्या आवाजात मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. म्हणजे पट्टी वर तर पंख खाली, पट्टी खाली तर पंख वर, हे एकदाचं पटलं. पण परत फिरायला तयार नाहीत. “आजून जरा म्होरं घ्या,” म्हणत तासगावपर्यंत नेलं. घरी आल्यावर रिमोटची बटणं मात्र त्यांनीच परत फिरवली. गावात बोभाटा झाला की मानसिंगची बायको वर्ष सरायच्या आत स्कूटीवर हिंडते आणि मागे दीर वाऱ्याशी खेळतो. शेजारची रंगुबाई मुद्दाम साखर मागायला येऊन गेली.

तारा झाल्या, आता उडवायचं कुणी? शेजारच्या शेतात ड्रोननं उसावर फवारणी करायला इंद्रजित म्हणून एक इंजिनिअर येतो. भावजी त्याला धरूनच घेऊन आले. त्यानं विमान हातात घेतलं, प्रत्येक पट्टी बोटानं हलवून बघितली आणि म्हणाला, “काकी, जोडणी कुणी केली? कुठंच ढिली नाही.” मी म्हटलं, शिंप्यानं. मग त्यानं रिमोट घेतला आणि हसला. “हे तर आरशातलं आहे. मला असं उडवता येणार नाही. अर्ध्या तासात नेहमीसारखं करून देतो.” त्यानं स्क्रू काढून रिमोट उघडला आणि थांबला. मी आप्पांची चूक झाकायला पुढे झाले. म्हटलं, त्यांच्या हातून चुकून राहिलं असेल. तो म्हणाला, “चुकून होत नाही हो हे. आतली स्प्रिंग काढून या बाजूची त्या बाजूला बसवलीय. एक अख्खी संध्याकाळ जाते. डावखुऱ्या माणसासाठी करतात कोणी कोणी. काका डावखुरे होते का?” भावजी म्हणाले, “दादा? छ्या.”

रेश्मा, मी डावखुरी आहे. तुला हे माहीत नाही, कारण तू व्हायच्या आधीच तो हात बंद झाला होता. मी लग्न होऊन आले तेव्हा भाकरी डाव्या हातानं थापायचे आणि वाढायचेही त्याच हातानं. तुझी आजी धोंडुबाई वाईट नव्हती, पण डाव्या हाताचं अन्न घरात चालायचं नाही. सांगून झालं, चापटी मारून झाल्या. मग जुन्या लुगड्याच्या एका धडप्यानं तिनं माझा डावा हात कमरेशी बांधला. सकाळी चूल पेटली की बांधायची, रात्री भांडी झाली की सोडायची. सहा महिने. मधे आप्पा सुट्टीवर आले. जेवायला बसले, माझ्या कमरेकडे बघितलं, आईकडे बघितलं, खाली बघून जेवले आणि म्हणाले, “भाकरी चांगली झालीय.” एवढंच. चांगली कसली, एका अंगानं जाड, एका अंगानं कच्ची. ते वाक्य मी चाळीस वर्षं धरून ठेवलं. भांडणात कधी वापरलं नाही, पण टाकलंही नाही. उजव्या हातानं सगळं शिकले. माझी भाकरी अजून जरा लांबट होते, तू लहानपणी तिला नकाशा म्हणायचीस. सुईत दोरा तेवढा मी डाव्या हातानं ओवते, शिलाईच्या खोलीत कोण बघतंय म्हणून. आता वाटतं, कुणीतरी बघत होतं.

यातलं मी त्या दोघांना काहीच सांगितलं नाही. गोठ्यात गेले आणि म्हशीला दुसऱ्यांदा पेंड घातली. तिनं तक्रार केली नाही. परत आले तर इंद्रजितच्या हातात स्क्रूड्रायव्हर तयार. म्हटलं, थांब, मी एकदा धरून बघते. रिमोटला गळ्यात अडकवायचा पट्टा आहे, तो घातला. रिमोट बरोबर माझ्या कमरेशी आला, दोन्ही अंगठे काठ्यांवर आपोआप पडले. भावजी बघत होते. आप्पा सहा फूट, मी पाच फुटाला थोडी कमी. भावजी म्हणाले, “दादाच्या गळ्यात हे पार छातीवर आलं आसतं की.” मग हात न दाखवताच वळले आणि बाहेर गेले. मी इंद्रजितला म्हटलं, स्क्रू परत लाव, मीच शिकते.

शिकायचं कॉम्प्युटरवर. इथल्या बाजारपेठेत इंद्रजितच्या दुकानात खऱ्या रिमोटनं पडद्यावरचं खोटं विमान उडवता येतं. पहिल्या आठवड्यात मी एकशे चौदा वेळा आपटले. भावजी शेजारी शेंगा खात मोजायचे. जाताना विमान नीट जायचं, पण तोंड माझ्याकडे करून यायला लागलं की उजवं-डावं उलटं व्हायचं आणि संपलं. इंद्रजितनं कागदावर बाण काढून समजावलं, मला कळलं नाही. मग मी आपल्या केळीच्या बागेकडे बघितलं. घड लागलेली केळ ज्या अंगाला झुकते त्या अंगाला आपण टेकू देतो. विमान समोरून येताना जो पंख खाली जाईल त्या बाजूला काठी सारायची, त्याला टेकू द्यायचा. उजवं-डावं आठवायचंच नाही. त्या दिवसापासून आपटणं कमी झालं. भावजींच्या शेंगा मात्र कमी झाल्या नाहीत.

खरं विमान इथे उडवता येत नाही. चहूकडे ऊस, आत पडलं तर तोड येईपर्यंत सापडायचं नाही. म्हणून वर्षश्राद्धाच्या आदल्या रविवारी आम्ही तिघं गाडी करून माण तालुक्यात गेलो. भावजींच्या रूटवरचा जुना प्रवासी आहे तिथे, तात्याबा, मेंढरं राखतो. दहिवडीच्या अलीकडे त्याचा माळ आहे. झाड नाही, तार नाही, फक्त कडब्याची एक गंजी. जाताना औंधवरून गेलो, मी गाडीतूनच यमाईला हात जोडले. कुठला हात वर होता ते देवीनं बघितलं नसावं.

पंख बसवले, काढून ठेवलेला पुढचा पंखा बसवला, बॅटरी लावली. निघायच्या आधी सगळ्या पट्ट्या पुन्हा हलवून बघायच्या असतात. भावजी विमानाच्या तोंडासमोर उभे राहिले आणि मी काठी हलवताच ओरडले, “उलटं झालं वैनी, परत उलटं झालं.” मी म्हटलं बरोबर आहे. इंद्रजित म्हणाला बरोबर आहे. भावजी म्हणाले, मला डोळे आहेत. अर्धा तास असा गेला, ऊन चढलं. तात्याबा काठीवर हनुवटी टेकून ऐकत होता. शेवटी म्हणाला, “आवं डायव्हरसाहेब, मेंढराचं उजवं-डावं मेंढराच्या मागनं बगायचं आसतंय. त्वांडाम्होरं हुबं ऱ्हायलं तर शिंगच बसतंय.” भावजी मागे येऊन उभे राहिले, पुन्हा बघितलं आणि म्हणाले, “लाईन किलिअर.”

मी पट्टा गळ्यात घातला. अंगठे काठ्यांवर ठेवले, दोन्ही. भावजी माझ्या मागे उभे राहून तोंडानंच म्हणाले, “टिंग टिंग.” डबल बेल मिळाल्यावर थांबता येत नाही. उजव्या अंगठ्यानं वेग दिला, डाव्यानं काठी जराशी माझ्याकडे ओढली आणि विमान धुरळ्यातून वर गेलं. इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. चाळीस वर्षं जो हात नुसता दोरा ओवत होता त्यानं त्याला वळवलं, सपाट केलं, पुन्हा वळवलं. मेंढरं माना वर करून बघत होती. दोन फेऱ्या झाल्या. तिसरीत ते तोंड माझ्याकडे करून आलं आणि डावीकडचा पंख खाली गेला. भावजी ओरडले, “टेकू वैनी, टेकू.” मी टेकू दिला. पंख उचलला, विमान सरळ माझ्या डोक्यावरून गेलं, त्याची सावली माझ्या अंगावरून गेली. मग मी त्या सावलीकडेच बघत राहिले, हे चुकलं. वर बघितलं तेव्हा गंजी जवळ आली होती. वेग काढला, एवढंच सुचलं. विमान कडब्यात नाक खुपसून बसलं. एक चाक मोडलं, बाकी काही नाही. पट्ट्या हलवून बघितल्या, एकही तार सरकली नव्हती. भावजी कडब्यावर बसून डोळे पुसत होते, म्हणाले कुसळ गेलं. दोन्ही डोळ्यांत.

परवा वर्षश्राद्ध झालं. तुला रजा मिळाली नाही, ते मनाला लावून घेऊ नकोस. विमान शाळेला दिलं नाही. भावजींनी शब्द राखायला स्वतःचा विनाअपघात सेवेचा बिल्ला कपाटात दिलाय आणि रोज काचेतून बघून येतात.

आता तुझ्या मंगळवारच्या फोनचं. तू हसत सांगितलंस की माया डाव्या हातानं जेवते, सासूबाईंना चालत नाही, म्हणून जेवायच्या वेळी तिच्या डाव्या हातात मोजा घालून मनगटाला रबर लावतेस, आठ दिवसांत सवय मोडेल. मी ‘बरं’ म्हणाले. तुझे आप्पा ‘भाकरी चांगली झालीय’ म्हणाले होते, तेच मी केलं. त्यांना ते दुरुस्त करायला चाळीस वर्षं आणि एक विमान लागलं आणि तेही मला त्यांच्या माघारी सापडलं. माझं वय बघता मला तेवढं थांबता येणार नाही. तर मोजा पायात घाल. तुझ्या सासूबाईंशी मी बोलेन, त्यांना वाईट वाटणार नाही असं बोलेन, आणि वाटलंच तर माझ्यावर येऊ दे, मी इथे लांब आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत मायाला घेऊन ये. चाक बसवलंय. रिमोटच्या पट्ट्याला आणखी पाच भोकं पाडून ठेवलीत. तिच्या फ्रॉकचं माप माझ्याकडे आहे, त्यावरून पाडलीत, बरोबर कमरेशी येईल.

तुझीच,
डावखुरी आई